चांदीच्या खुर्चीतला निकोलाय

हे बघा, हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण ऐकताना आधी अंगावर काटा येणार आहे. माझ्या तर अजून येतो!

चौऱ्याऐंशीचा हिवाळा असेल. मिशिगनमध्ये, ट्रॉयला आम्ही नवीनच राहायला आलो होतो. शेजारी व्हेरा नावाची रशियन म्हातारी. कायम काळे कपडे, आणि दिसायची तेव्हा एकटीच. एका दुपारी तिने मला आणि सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, चहाला बोलावलं.

आत गेलो तर पडदे ओढलेले. गारढोण खोली. आणि त्या अंधारात टेबलावर काय चमकत होतं म्हणता? चांदीची जुनी रशियन भांडी! त्यांवर निळं-लाल मीनाकाम असं नाजूक, की त्या चमच्याने साखर ढवळायची भीती वाटावी. मधोमध वीतभर उंचीची चांदीची खुर्ची. तिची बैठक झाकणासारखी उघडायची. आत काळी भुकटी!

व्हेराने उकडलेली अंडी पुढे केली आणि भुकटीकडे बोट दाखवलं. "टेक. व्हेरी गुड."

"अहो, काय आहे ते विचारा तरी," सुनंदा कुजबुजली. तिचा गुरुवार, ती सुटली.

मी कशाला विचारतोय? चांगली चिमूटभर घेतली. खारट, जराशी धुरकट. झकास! आणखी दोनदा घेतली आणि मग विचारलं, "व्हॉट इज धिस?"

व्हेरा हळवी झाली. खुर्चीवरून हात फिरवत म्हणाली, "माय हजबंड. निकोलाय. इन ओव्हन. ऑल नाइट. नाऊ ब्लॅक."

हातातलं अंडं मी गुपचूप बशीत ठेवलं. इकडे लोक माणसाची राख घरात ठेवतात, हे ऐकून होतो. पण अंड्यावर?

"अहो, तुम्ही तिचा नवरा खाल्लात!"

"हळू बोल गं!"

"तीनदा घेतलात!"

"यू लाइक?" व्हेरा खुलली. "टेक मोअर! निकोलाय व्हेरी हॅपी."

इतक्यात वर धप्प! पुन्हा धप्प! चहाच्या ग्लासांतले चमचे आपोआप किणकिणायला लागले. व्हेराने शांतपणे छताकडे पाहिलं. "निकोलाय. ही इज कमिंग."

जिना करकरला. दारात हे एवढं धिप्पाड धूड! पांढरी दाढी, पांढरा पायघोळ सदरा.

पळून जावं ना माणसाने? मी लोटांगण घातलं! "काका, चुकून खाल्लं हो! गयेला जाऊन पिंडदान करतो तुमचं!" रशियन भुताला, चक्क मराठीत! पुढचं काही आठवत नाही.

डोळे उघडले तर सुनंदा पदराने हसू दाबत होती. "उठा. मीठ आहे ते, आणि ती खुर्ची म्हणजे त्यांच्याकडचं मिठाचं भांडं. ईस्टरच्या आधी काका रात्रभर भट्टीत भाजून काळं करतात, त्यांच्या गावची रीत आहे. पाय प्लास्टरमध्ये आहे म्हणून महिनाभर खाली उतरले नव्हते."

आणि माझं मनगट गार बोटांत धरून निकोलायकाका गंभीरपणे नाडी बघत होते. मग व्हेराकडे वळून म्हणाले, "अलाइव्ह."

म्हणजे बघा, मी जिवंत असल्याचा निर्वाळा दिला कोणी? तर ज्याला मी तीन चिमटी खाल्लं होतं, त्याने!