पहिला तास मोफत

सोसायटीच्या हॉलचे तासाचे दर ठरवताना बारसं, साखरपुडा, वाढदिवस यांवरून आमची कमिटी तावातावानं भांडली. शोकसभेला मात्र एकमतानं पहिला तास मोफत ठेवला. दुसऱ्या तासाचा दर कुणी काढलाच नाही. गेलेल्या माणसासाठी तासाच्या वर बसतं कोण?

काल तळमजल्यावरच्या काकूंची शोकसभा झाली. दोघं बोलले, सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि चपला शोधत पांगले. दारात वाढदिवसवाले फुगे घेऊन ताटकळले होते. काका मात्र काकूंच्या फोटोसमोरून उठेनात. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "दुसऱ्या तासाचे किती होतील हो? घरी आता कुणी नाही."

तसा दर आमच्या फलकावर नव्हता. मी फोटो उचलून त्यांच्या हातात दिला.