हात वर केल्यावर फुलं

तेलीबांध्याच्या एका मंगल कार्यालयात मी तिसऱ्या गाथेच्या मध्यावर होते, आणि लोकांनी फुलं टाकली.

आमच्या बौद्ध लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत बुद्धमूर्तीसमोर उभे राहतात आणि लग्न लावणारा माणूस पालीतल्या आठ मंगल गाथा म्हणतो. एकेक गाथा संपली की जमलेले लोक पाकळ्या टाकतात. रायपुरातल्या आमच्या विहाराच्या लोकांत गेली पंधरा-सोळा वर्षं ते लग्न लावणारं माणूस म्हणजे मी. आठवडाभर रेल्वेच्या ऑफिसात फायली, रविवारी विहारात वंदना, आणि लग्नसराईत गाथा. बाई लग्न लावते म्हणून सुरुवातीला काही पुरुषांच्या पोटात दुखलं. पण माझा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा होता, त्यामुळे विषय लवकर मिटला.

तर त्या दिवशी गाथेच्या मधेच माझा श्वास संपला. विसरले नव्हते, शब्द ओठांवर होते, पण ते बाहेर ढकलायला छातीत काही उरलंच नव्हतं. मी थांबले. आमच्या इथल्या तरुण मंडळींना मराठी समजते पण ती उत्तर हिंदीत देतात, पाली तर दूरच. आवाज थांबला म्हणजे गाथा संपली, एवढंच त्यांना ठाऊक. पाकळ्या पडल्या. मी पुढचे शब्द उचलले, पुन्हा दम लागला, पुन्हा पाकळ्या. सहाव्या गाथेपर्यंत सगळ्यांच्या ओंजळी रिकाम्या. एक मावशी स्टेजच्या सजावटीतला झेंडू कुस्करत होत्या आणि नवरदेवाचा काका खाली वाकून सतरंजीवरच्या पाकळ्या गोळा करत होता. जेवणाच्या रांगेत एक पोट्टी दुसरीला म्हणाली, "आंटी भूल गई थी शायद."

भूल गई! मला इतका राग आला की मी गुलाबजाम न खाता घरी आले. आणि मी गुलाबजाम सोडणाऱ्यांपैकी नाही.

घरी येऊन राग ओसरला तेव्हा त्याच्याखाली भीती होती. चार वर्षांपूर्वी मला टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, एक दिवसही चुकवला नाही, शेवटच्या तपासणीत सगळं स्वच्छ निघालं आणि सरकारी दवाखान्यातल्या दीदीने कार्डावर बरी झाल्याचं लिहून दिलं. ते कार्ड मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं आणि विषय संपवला. ऑफिसात आणि विहारात मी टायफॉइड म्हणून सांगितलं होतं. "सहा महिने चालनारा टायफॉइड जगात फक्त तुलेच झाला," असं नवरा आजही चिडवतो. पण खरं सांगायची माझी छाती झाली नव्हती. घरात लग्नाच्या वयाची मुलगी होती, आणि आपले लोक टीबीचं नाव ऐकून खुर्ची कशी मागे सरकवतात ते मी लहानपणापासून बघत आले होते.

मग हळूहळू दम लागायला लागला. ऑफिसचा जिना चढताना मी मधल्या मजल्यावर थांबून नोटीस बोर्ड वाचायचे. त्या बोर्डावर वर्षभर एकच नोटीस होती, मला ती पाठ झाली. वय झालं, वजन वाढलं, कारखान्यांची काळी धूळ, असं स्वतःला काहीबाही सांगत राहिले. तेलीबांध्याच्या लग्नानंतर मात्र मनाने एकच धरलं, तो परत आला. आणि आमच्या मुलीचं लग्न चार महिन्यांवर होतं. तिच्या गाथा मीच म्हणणार, हे ती जन्मली तेव्हाच ठरलं होतं, म्हणजे मी ठरवलं होतं.

दवाखान्यात जायचं तर मी काय केलं? स्वयंपाकघरात माझा स्टीलचा गिलास वेगळा केला. मागच्या वेळी केला होता तसाच, खिडकीच्या कोपऱ्यात उपडा. तपासून घेतलं तर नाव कळेल, आणि नाव कळलं तर लग्न अडेल, म्हणून न तपासता गिलास वेगळा. स्वतःला शहाणी समजणाऱ्या बाईची ही अक्कल.

त्याच आठवड्यात विहाराचे अध्यक्ष काका घरी आले. चांगले गृहस्थ आहेत, पण काळजी करतात तेव्हा माझा जीव नकोसा करतात. चहा घेऊन म्हणाले, "बाई, पोरीच्या लग्नात तुम्ही निवांत बसा. गाथा आपन मोबाईलवर लावून देऊ, स्पीकरला जोडून. एकदम साफ आवाज येते."

"मग नवरदेव-नवरीबी मोबाईलवरच लावा नं काका," मी म्हणाले. "जेवनबी तिथूनच मागवू."

नवऱ्याने खाली मान घालून हसू दाबलं. काका गेले आणि मला इतका खोकला आला की मी मोरीत जाऊन बसले.

गिलास मुलीने पकडला. ती नवा रायपूरला एका ऑफिसात काम करते, सकाळी घाईत पाणी प्यायला हाताला लागेल तो गिलास उचलते. मी ओरडले, "तो नको घेऊ!" ती थांबली. गिलासाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आई, ये फिर से अलग क्यूँ है?"

नवरा आतून आला. "काहून वो, काय लपवून राहिली तू?"

मग मी रडले. राग मला पटकन येतो, रडू येत नाही, त्यामुळे दोघंही घाबरले. मुलीने त्या दिवशी रजा टाकली आणि मला स्कूटीवर मागे बसवून शंकर नगरला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत एवढंच म्हणाली, "लड़के को मैंने पहले दिन ही बता दिया था. उसके घर में सबको मालूम है. छुपा सिर्फ तुम रही हो." ज्या सासरच्या लोकांच्या धास्तीने मी चार वर्षं लपवत होते, त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

थुंकीची तपासणी झाली, एक्स-रे झाला, नळीत जोरात फुंकायची एक तपासणी झाली. त्यात सहा सेकंद श्वास सोडत राहायचा असतो. मशीनवालीने "और, और, और" म्हणून मला इतकं पिटाळलं की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवले. माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी असेल.

"टीबी नहीं है," ती म्हणाली. "वो गया तो गया. पर जाते-जाते फेफड़े में निशान छोड़ गया है. साँस उसी वजह से कम पड़ती है."

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच डोकं तापलं. बरी झाले म्हणून लिहून दिलं होतं ना? मग हे काय? ती शांतपणे म्हणाली की बरं होणं खरंच आहे, पण पुढेही कधीमधी फुप्फुसं दाखवून घ्यायची असतात, हे सांगायचं राहून जातं. गेलेलं सगळं परत येणार नाही. जे आहे ते नीट वापरायला शिकता येतं. खोकला वाढला, ताप आला, वजन उतरलं तर घरी बसून निदान करायचं नाही, यायचं आणि तपासायचं. मी गिलासाचं सांगितलं नाही. मुलीने सांगितलं.

मग तिने विचारलं, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवं आहे? असं मला कोणत्याच डॉक्टरने विचारलं नव्हतं. मी खुर्चीत ताठ बसले आणि तिथेच पहिली गाथा म्हटली. बाहेरचे पेशंट दारातून डोकावले. अर्ध्यात दम तुटला. डॉक्टरीणबाई माझ्या खांद्यांकडे बघत होती. म्हणाली, "आप कंधे उठाकर साँस लेती हैं, और पहले ही शब्द में पूरा दम निकाल देती हैं. बीच में रुकती क्यों नहीं?"

रुकती क्यों नहीं! माझे वडील रेल्वेत खलासी होते, भंडाऱ्याकडून इकडे आले आणि इथल्या पोरांना गाथा शिकवल्या. त्यांचा दंडक होता, एक ओळ एका श्वासात. मधे तोडली ती ओळ कच्ची. लहानपणी ओळ तोडली म्हणून मी त्यांच्याकडून पाठीत धपाटा खाल्लेला आहे. हे मी तिला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "उनके फेफड़ों में निशान नहीं था न."

त्या वाक्यावर मी चार दिवस चिडून होते. पाचव्या दिवशी वडिलांची गाथांची वही काढली आणि लाल पेनाने प्रत्येक ओळीत श्वासाच्या जागा खुणावल्या. पहिल्या खुणेला बराच वेळ लागला. पुढच्या भराभर झाल्या.

सकाळ-संध्याकाळ पंपाने श्वासात ओढायचं औषध सुरू झालं. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घेतल्या. नाकाने श्वास घ्यायचा, ओठ आवळून हळूहळू सोडायचा, खांदे जागेवर, पोट हलू द्यायचं. घरातली अगरबत्ती बंद झाली. वंदनेला मेणबत्ती आणि फुलं पुरतात, अगरबत्तीचा हट्ट नवऱ्याचा होता. तो बिचारा ती गच्चीवर नेऊन लावायचा आणि तिथल्या धुळीने पायांचे तळवे काळे करून परत यायचा. आम्ही बूढापाऱ्यात राहतो, तलाव जवळच आहे. रोज त्याच्या काठाने चालायचं, आज या बाकापर्यंत, उद्या पुढच्या. चालता चालता मी गाथा म्हणायचे आणि फिरायला आलेले लोक वाट सोडायचे. दोन महिन्यांनी ऑफिसच्या मधल्या मजल्यावर मी न थांबता वर गेले. नोटीस तीच होती का, ते बघितलंच नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी काका पुन्हा आले. मोबाईलमध्ये गाथा भरून आणल्या होत्या, अडचण आलीच तर म्हणून. मी त्यांच्या पाया पडून सांगितलं, ठेवा खिशातच.

भरल्या हॉलमध्ये मी माईक हातात घेतला. समोर पांढऱ्या साडीत माझी मुलगी, शेजारी जावई. गाथांच्या आधी मी जे बोलले ते घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "चार वर्षांपूर्वी मले टीबी झाला होता. टायफॉइड नाही, टीबी. मी बरी झाली आहे, कोनाले लागनार नाही. पन श्वास कमी पडते. मी मधे मधे थांबीन. थांबली म्हनजे संपली असं समजू नका. मी हात वर केल्यावर फुलं टाका." मग हेच हिंदीत सांगितलं. कोणाची खुर्ची मागे सरकली असेल तर मला दिसली नाही, मी वही उघडत होते.

पहिली गाथा. लाल खुणेवर थांबले. ओठ आवळून श्वास सोडला, नाकाने घेतला. शेकडो मुठी मिटलेल्या. एकही पाकळी पडली नाही. गाथा संपली, मी हात वर केला आणि पाऊस पडावा तशी फुलं आली. दुसरी, तिसरी. पाचव्या गाथेत छाती अडली, खुणेवर नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. हॉल तसाच थांबला. कोणी खोकलंसुद्धा नाही. काका खिशावर हात ठेवून उभे होते, मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

आठवी गाथा मी सावकाश म्हटली. शेवटच्या ओळीत लाल खूण आली आणि मला कळलं की थांबायची गरज नाही. मी ती ओळ एका श्वासात नेली, वडिलांसारखी. संपली तेव्हाही छातीत थोडा श्वास शिल्लक होता. मी तशीच उभी राहिले, डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना. हॉलमध्ये सगळे मुठी मिटून वाट बघत होते. कोणी हलत नव्हतं. मी सांगितलं होतं ना.

मग माझी पोरगी, जी मला आयुष्यभर हिंदीत उत्तर देत आली, हळूच म्हणाली, "आई, हात वर कर नं."