मोटरहोममधलं कोठीघर

स्नेहलताला मोटरहोमचा राग होता, आणि त्या रागाला तिनं पहिल्या दिवसापासून नीट खतपाणी घातलं होतं. पेनरोजच्या गोदामातून निवृत्त झाल्या झाल्या रवींद्रनं बॉटनी डाउन्सचं चार खोल्यांचं घर शुभम नावाच्या एका पुणेकर आयटीवाल्याला वर्षभरासाठी भाड्यानं दिलं, आणि त्या घराच्या न्हाणीघराएवढी ही गाडी दारात आणून उभी केली. "आता हा देश बघू," तो म्हणाला. पंचवीस वर्षं इथे काढून देश बघायचा राहिलाच कसा, असं तिनं विचारलं. त्यानं उत्तरादाखल गाडीची किल्ली तिच्यापुढे धरली.

वर्ष आता संपत आलं होतं. शुभमला घर आणखी वर्षभर हवं होतं आणि तो सारखा विचारत होता. रवींद्र नुसतं "बघू" म्हणे. स्नेहलतानं तर गणपतीला साकडंच घातलं होतं, की बाबा रे, या गाडीचं इंजिन तरी बंद पाड. तिला आपलं घर हवं होतं. आपला ओटा, आपली तुळस, आणि मुख्य म्हणजे दार लावून घेता येईल असा आपला संडास.

गाडीत संडास होता, नाही असं नाही. काऊन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, जागेवर फुकट मुक्काम करायचा तर गाडीत पक्का बसवलेला, वापरता येणारा संडास लागतो, आणि तसं हिरवं कार्ड काचेवर लावावं लागतं. पण तो होता गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर! एकीकडे वरणाला फोडणी आणि एकीकडे ते? शिवाय त्याच्याखाली कॅसेट म्हणतात ती पेटी, जी भरली की ओढून काढायची आणि मिरवत नेऊन रिकामी करायची. "मी मेले तरी त्यात बसणार नाही," तिनं जाहीर केलं. रवींद्रनं बिचाऱ्यानं भांड्यावर फळी टाकून दिली आणि संडासाचं कोठीघर झालं. तांदूळ, भाजणी, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या, कुकर. दोघंही मुक्कामाच्या ठिकाणच्या सार्वजनिक संडासात जात. स्नेहलता जाताना पुण्याहून आणलेला स्टीलचा तांब्या भरून नेई, कारण कागदावर तिचा विश्वास नव्हता.

बाई मूळची वाईट नव्हती. पण "तुला जमायचं नाही" असं कुणी म्हटलं की ती डोक्यात राख घालून घ्यायची. सासूबाई म्हणाल्या होत्या, ही तिकडे एक थंडी काढायची नाही. तेवढ्यासाठी ती पंचवीस थंड्या राहिली. बॉटनीतल्या शेजारणीनं एकदा फोडणीच्या वासाची तक्रार केली, तर हिनं आठवडाभर रोज लसणाची फोडणी दिली. लसूण घरात कुणालाच सोसत नव्हता. रवींद्र पोट धरून म्हणाला होता, "स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन कशाला करतेस?" त्यावर तिनं त्याला आणखी वाढलं.

असं हे जोडपं नॉर्थलंडमधल्या एका खाडीवर येऊन राहिलं. जागा सुरेख होती, पण समोरच्या घरात नेव्हिल नावाचा म्हातारा राहत होता. ही सगळी खाडी आपल्या आजोबांनी खणून काढली आहे अशा थाटात तो गच्चीवर दुर्बीण घेऊन बसायचा. कुंपणाला पाटी होती : आमचा किनारा म्हणजे तुमचा संडास नव्हे. स्नेहलतानं आल्या दिवशी ती वाचली आणि तिला ती पटलीसुद्धा. माणसांना स्वच्छता नको का?

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा होतोय तोवर दारावर टकटक झाली. काऊन्सिलचा वॉर्डन, म्हणजे तपासनीस, होता, आणि त्याच्यामागे चार पावलांवर नेव्हिल.

"किया ओरा," वॉर्डननं अवघडून माओरीत नमस्कार केला. "सॉरी हं. तुमच्याबद्दल तक्रार आली आहे. बाई रोज सकाळी पाण्याचं भांडं घेऊन पोहुतुकावाच्या झाडीत जातात आणि तिथे बसतात म्हणे."

स्नेहलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाडीत? झाडीच्या पलीकडे काऊन्सिलनं बांधलेलं टॉयलेट होतं, ते या मेल्याला गच्चीवरून दिसत नव्हतं आणि तांब्या तेवढा दिसत होता! चप्पल बाहेर काढल्याशिवाय गाडीत पाऊल न टाकणाऱ्या बाईवर हा आळ.

"मी टॉयलेटमध्ये जाते! तांब्या धुण्यासाठी लागतो!" ती इंग्रजीत ओरडली.

"गाडीत आहे तर बाहेर का जाता?" वॉर्डननं विचारलं. "आतला वापरण्याजोगा आहे ना? दारातूनच दाखवा. सक्ती नाही, पण नाही दाखवलात तर मला तसं कळवावं लागेल. मग कार्डही जाऊ शकतं."

रवींद्रचा चेहरा पडला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि मराठीत हळूच म्हणाला, "जाऊ दे स्नेहल. उघड दार. कार्ड गेलं तर गेलं."

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. गणपती पावला होता! नुसतं दार उघडायचं, तांदूळ आणि लोणची दाखवायची. कार्ड रद्द, देश बघणं रद्द, आणि स्वारी थेट बॉटनीला. तिनं संडासाच्या कडीला हात घातलासुद्धा.

"वेळ घालवताय," मागून नेव्हिल वॉर्डनला म्हणाला. "यांच्या देशात सगळे उघड्यावरच बसतात. यांना सोन्याचा संडास द्या, यांना तो वापरता यायचा नाही."

कडीवरचा हात थांबला.

"टू मिनिट्स," स्नेहलता म्हणाली आणि तिनं वॉर्डनच्या तोंडावर गाडीचं दार लावलं.

पडदे ओढले. तांदूळ पलंगावर, भाजणी उशीवर, बरण्या रवींद्रच्या मांडीवर. फळी काढली. रवींद्र "अगं, अगं" करत राहिला. तिनं आत शिरून दार लावलं, आणि जे मेले तरी करणार नाही म्हणाली होती ते केलं. मग पाण्याचं बटण दाबलं. पंपाची घरघर बाहेर व्यवस्थित ऐकू गेली. हात धुऊन, पदरासारखा स्कार्फ खांद्यावर घेत तिनं गाडीचं दार सताड उघडलं. मागच्या संडासाचंही.

"बघा. चालू आहे. आत्ताच वापरलाय. वास घेऊन बघायचा असेल तर त्या म्हाताऱ्याला पाठवा आत."

वॉर्डन कानापर्यंत लाल झाला. "स्वीट ॲज," सगळं झकास आहे अशा अर्थानं एवढंच पुटपुटत तो आपल्या गाडीकडे निघाला. नेव्हिलनं त्याला गाठून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, तेव्हा तो चक्क खेकसला. नेव्हिल पाय आपटत घरी गेला. पंचवीस वर्षांत स्नेहलताला इतकं बरं वाटलं नव्हतं.

ती आत वळली. रवींद्र मांडीवर बरण्या घेऊन तसाच बसला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"स्नेहल, तुला खरं सांगू? तुझे हाल मला बघवत नव्हते. शुभमला आज कळवणार होतो, की घर सोड, आम्ही परत येतोय."

ती चटकन जवळ आली. "मग?"

"मग काय! माझ्या हौसेपायी तू हेसुद्धा केलंस. मला वाटायचं तुला सगळ्याचा तिटकाराच आहे. तू आत होतीस तेव्हाच टाकला त्याला मेसेज. राहा म्हटलं आणखी एक वर्ष." त्यानं फोन तिच्यापुढे धरला. "बघ, थँक्यू काका म्हणून उत्तरपण आलं."

तिला किंचाळावंसं वाटलं. त्याच्या मांडीवरची बरणी त्याच्याच टकलावर फोडावीशी वाटली. पण दार सताड उघडं होतं आणि समोर गच्चीवर नेव्हिल पुन्हा दुर्बीण घेऊन उभा राहिला होता. त्याच्यादेखत रडणं तिला या जन्मी शक्य नव्हतं.

"बरं केलंत," स्नेहलता हसून म्हणाली.