समुद्राच्या कडेनं, दोघंच

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मेलबर्नला गेलो, तेव्हा माझ्या बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव आणि जुन्या मऊ साड्यांची शिवलेली दुपटी होती. अळीव तिथल्या विमानतळावर काढून घेतले, बाकीचं राहू दिलं. निरगुडसरच्या अंगणवाडीत माझी सगळी नोकरी झाली. गावातल्या कितीतरी पोरांची वजनं मी काट्यावर केली, त्यांच्या आयांना काय खा, काय खाऊ नका ते सांगितलं. त्यामुळं बाळंतपणाची मला धास्ती नव्हती. यांना होती, पण हे बोलून दाखवत नाहीत. यांचं आयुष्य शेतात आणि पिकअपच्या स्टेअरिंगवर गेलं. टोमॅटोचे क्रेट भरायचे, नारायणगावच्या मार्केटला जायचं, रिकामे क्रेट घेऊन परत यायचं.

जावयानं आधीच बेत आखून ठेवला होता. बाळ जरा मोठं झालं की सगळ्यांनी गाडीनं समुद्राच्या कडेकडेनं फिरायला जायचं. यांनी गाडी चालवायला मिळेल म्हणून आरटीओतून परदेशात चालणारा परवाना काढून आणला होता. तिथं गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, हे कळल्यावर यांना बरं वाटलं होतं.

दिवस भरत आले होते. एका सकाळी मुलगी न्हाणीघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, बाळ हलत नाहीये गं."

मी पोटावर हात ठेवला. इतक्या बायांच्या पोटावर हात ठेवलेत मी. तिला म्हणाले, "चल, दवाखान्यात जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी यंत्र फिरवलं, मग स्क्रीन हळूच स्वतःकडं वळवून घेतला. मला तेवढ्यातच समजलं.

पुढच्या साऱ्या कळा तिला सोसाव्याच लागल्या. मी तिची पाठ चोळत होते. मुलगी झाली. मोठी, भरलेली, काळ्याभोर केसांची. रडली नाही, एवढंच.

आपल्याकडं अशा वेळी काय करतात ते मला माहीत होतं. गुंडाळून पुरुषांच्या हातात देतात आणि आईला म्हणतात, बघू नको, विसर. तिथल्या नर्सनं तसं केलं नाही. तिनं बाळाला पुसलं, टोपी घातली आणि माझ्या लेकीच्या कुशीत दिलं. खोलीत एक गार राहणारा पाळणा आणला. म्हणाली, हवा तेवढा वेळ ठेवा. पायाचे ठसे घेतले, फोटो काढले. जावयानं तिचं नाव घेतलं, दोघांनी आधीच ठरवून ठेवलेलं. ते नाव मी इथं लिहीत नाही.

पहिल्यांदा मला ते भयंकर वाटलं. जावयाला बाजूला घेऊन म्हणालेसुद्धा, "कशाला तिला जास्त माया लावायला लावताय?" तो म्हणाला, "आई, माया तर लागलेलीच आहे." मग लेकीनं मला विचारलं, "घेतेस?" मी घेतलं. माझ्या साडीच्या दुपट्यात ते बाळ कितीतरी वेळ माझ्या मांडीवर होतं. 

हे आत आले नाहीत. दाराबाहेर खुर्चीवर बसून राहिले. लेकीनं बोलावलं तर म्हणाले, "नको बाय, मला न्हाई जमायचं."

घरी आल्यावर तिला दूध आलं. ते दिवस फार वाईट गेले. मी तिच्या छातीला गार कापड लावायची, ती भिंतीकडं बघत पडून असायची. मी करून द्यायची ते ती खायची नाही. हे बाल्कनीत बसायचे. जावई कामावर जायचा, यायचा. घरात चार माणसं आणि एक पाळणा, ज्याची घडी घालायचं कुणी नाव काढत नव्हतं.

शेवटी एक दिवस लेकच म्हणाली, "आई, तुम्ही दोघं सारखे माझ्याकडं बघत असता. मला तुमच्यासमोर रडता येत नाही. मला या घरात थोडं एकटीला राहू दे. तुम्ही जा, समुद्र बघून या."

"तुला अशी टाकून?"

"टाकून नाही. परत यायचंय तुम्हाला."

जावयानं गाडीची किल्ली यांच्या हातात दिली. राहायच्या जागा त्यानं पूर्वीच ठरवल्या होत्या.

असे आम्ही निघालो. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कुठं गेलो नव्हतो. लेण्याद्रीला गेलो तरी बरोबर सासूबाई, नणंदा, शेजारीपाजारी असायचे. गाडीला क्लच नव्हता. यांचा डावा पाय सारखा उचलला जायचा आणि रिकामाच खाली यायचा. शहर मागं पडलं आणि रस्ता एकदम समुद्राला लागला. समुद्र माझ्या बाजूला. एका अंगाला डोंगराचा कडा, दुसऱ्या अंगाला पाणी, आणि रस्ता नाणेघाटाकडं जाताना वळतो तसा वळत जाणारा. तिकडं हिवाळा होता. पाणी काळसर, वारा असा की थांबून दार उघडायचं तर दोन्ही हातांनी धरावं लागायचं.

मी पाट्या वाचायची, हे "हं" म्हणायचे. लोक जिथं थांबून फोटो काढत होते तिथं आम्हीही थांबायचो. समुद्रात उभे राहिलेले ते उंच दगडी सुळके पाहिले. एका बाईनं आमचा दोघांचा फोटो काढून दिला. त्या फोटोत आम्ही दोघं रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसतो. मुक्कामाला लाकडाची खोली असायची, तीत शेगडी. मी पिठलं-भात करायची. जेवण झालं की लेकीला फोन. ती म्हणायची, "जेवले." खरं की खोटं, कळायचं नाही.

वॉरनंबूल म्हणून गाव आहे, तिथवर आम्हाला जायचं होतं. तिथं किनाऱ्यावर लाकडी मचाण बांधलंय. त्यावर बरीच माणसं उभी होती, पण आवाज कुणाचा नाही. आम्हीही जाऊन उभे राहिलो. बराच वेळ पाण्यात काही दिसेना. मग जवळच एक काळी पाठ वर आली, खडकासारखी, आणि तिच्या अंगाला लागून दुसरी लहान. देवमाशाची मादी आणि तिचं पिल्लू.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं आपली दुर्बीण माझ्या हातात दिली. माझं इंग्रजी अंगणवाडीच्या भिंतीवरचं. तरी ती सावकाश बोलली आणि मला उमगलं. हे म्हणाले, "काय म्हणती?"

"दरवर्षी लांबून इथंच येतात म्हणे. बाळंतपणाला."

"म्हंजी म्हायेरीच की."

एवढं बोलले आणि यांचा चेहरा कसातरी झाला. पायऱ्या उतरून खालच्या बाकावर जाऊन बसले. मला वाटलं थंडी बाधली. मी मागोमाग गेले. हे पाण्याकडंच बघत होते.

"पोरगी व्हती," हे म्हणाले.

मला वाटलं लेकीच्या बाळाबद्दल बोलतायत. "मला माहीत नाही का? मी घेतलं होतं तिला."

"ती न्हाई. आपली."

इथं सांगायला हवं. माझी लेक हे माझं पहिलं मूल नाही. तिच्याआधी एकदा मी बाळंतपणाला माहेरी, खोडदला गेले होते. अडले म्हणून बैलगाडीतून नारायणगावला नेलं. शुद्धीवर आले तेव्हा पोट रिकामं होतं आणि कडेला आई बसलेली. ती म्हणाली, "गेलं. विचारू नको. तू वाचलीस." मी विचारलं नाही. पुढं सासरीही कुणी विषय काढला नाही. लेक झाली, मग मुलगा झाला, आणि ते बाळ असं झालं की जणू मला तापात पडलेलं स्वप्न. मुलगा की मुलगी, एवढंही मला ठाऊक नव्हतं.

"तुम्ही पाहिली?" मी विचारलं.

"मपल्या मांडीवर व्हती. नारायणगावपास्नं खोडदपत्तुर. तुज्या चुलतभावाच्या राजदूत फटफटीवर मागं बसलो व्हतो. तुज्या आईचं लुगडं गुंडाळलं व्हतं. रस्त्यानं तोंड उघडून बघितलं मी. मला वाटलं, हालती का काय. खड्ड्यानं हालत व्हती."

"मग?"

"तुज्या बापानं अन् मी वढ्याच्या कडंला खड्डा घेतला. बाभळीखाली. तुजा बाप म्हनला, तिला सांगायचं न्हाई, नायतर ती रोज तिथं जाऊन बसंल."

माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. सांगू नको म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, तरी यांनी सांगितलं नव्हतं.

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला, असा की कानशिलं तापली. दरवर्षी भाऊबीजेला मी त्या ओढ्यावरून चालत गेले होते. तिथं धुणं धुतलं होतं. मी म्हणाले, "एवढी वर्षं मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही?"

"तू कदी इचारलं न्हाई."

"मला विचारू दिलंत का?"

मी उठले आणि वाळूत चालत सुटले. वाऱ्यानं पदर डोक्यावरून उडून तोंडावर येत होता. वर मचाणावरची माणसं हळूच हसली, पिल्लानं काहीतरी केलं असावं. मी वळून पाहिलं नाही. परत आले तेव्हा हे तसेच बसलेले होते, हात मांडीवर, तळवे वर.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही. यांनीच चहा केला, फार गोड. मी प्यायले.

दुसऱ्या दिवशी परतीला लागलो. आता समुद्र यांच्या बाजूला होता. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, "केस होते?"

"लई. काळे."

पुढं एक घाट संपला. मग मी विचारलं, "रंग?"

"तुज्यासारका. सावळा."

असं दिवसभर चाललं. एक प्रश्न, एक उत्तर, मधे घाट, गाव, पेट्रोल पंप. डोळे मिटलेले होते का, खड्डा खोल होता का, वर दगड ठेवले का, कुणी हळदकुंकू वाहिलं का. यांना सगळं आठवत होतं. यांनी इतकं काही सांभाळून ठेवलं असेल असं मला वाटलं नव्हतं. शेवटी मी विचारलं, "तिला काही नाव ठेवलंत?" तेव्हा यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. यांना रडताना मी यांची आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी पाठीवर हात ठेवला. राग गेला होता असं नाही. तरी ठेवला.

घरी पोचल्यावर मी लेकीला सगळं सांगितलं. ती वडिलांकडं वळून म्हणाली, "दादा, म्हणजे मला ताई होती?"

"व्हती बाय."

ती आत गेली आणि आपल्या बाळाचे फोटो घेऊन आली. यांच्या शेजारी जमिनीवर बसून एकेक दाखवू लागली. हे घाबरत घाबरत बघू लागले, मग नीट बघू लागले. म्हणाले, "नाक आपल्याकडचं हाये." लेक तेव्हा वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. आम्ही कुणी तिला गप्प केलं नाही. 

ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. पण पाळण्याची घडी तिनं स्वतः घातली, आणि आम्ही निघालो तेव्हा ती कामावर जायला लागली होती.

गावी आल्यावर आम्ही खोडदला गेलो. भावाला सांगितलं तर तो थक्कच झाला. त्या वेळी तो शाळेत होता, त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. ओढ्याच्या कडेला गेलो. बाभूळ नव्हती. भावानं जेसीबी लावून जमीन सपाट केली होती आणि डाळिंब लावलं होतं. पलीकडं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या. हे ओढ्याकडून मोजत आले, थांबले, पुन्हा मागं गेले. दोन ओळींमधे उभे राहून म्हणाले, "हितंच असंल. कुठंतरी हितंच."

भाऊ हळहळत होता. म्हणाला, "ताई, मला म्हाईत असतं तर मी जेसीबी फिरवला नसता. आता दगड बसवू, लहान समाधी बांधू." मी नको म्हणाले. जागाच नक्की नाही, दगड कुठं बसवायचा? हळदकुंकू आणलं होतं ते मी यांनी दाखवलेल्या ओळीत मातीवर वाहिलं. यांनी चप्पल काढून हात जोडले.

वहिनीनं चहा आणला. हे आणि भाऊ बांधावर बसले, आणि थोड्या वेळानं विहिरीवरच्या मोटारीबद्दल, परवा उसात दिसलेल्या बिबट्याबद्दल बोलू लागले. मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दुपार झाली होती. मी तिला डाळिंबाची ओळ दाखवली, ओढा दाखवला, सांगू लागले की मी उभी आहे तिथंच कुठंतरी ती आहे. वारा होता, तिला ऐकू जात नव्हतं.

"आई, बोलू नकोस," ती म्हणाली. "फोन फक्त धरून ठेव."

मी धरून ठेवला.