धनीबाईच्या कडुनिंबांचं कुंपण

पहाटे चारला धनीबाई उठायची. आठला दिग्रसच्या जिनिंगात हजर व्हायचं. त्याआधी भाकरी, आणि तांड्यामागच्या टेकडीवरच्या रोपांना डोक्यावरून पाणी. भरला हंडा चढावर मान कशी दाबतो, ते वाहणाऱ्यालाच कळतं. मी त्याच जिनिंगात हमाली केली. कापसाची टोपली अर्ध्यात टेकवलेली तिला कधी पाहिली नाही.

पावसाळ्यात शहरातल्या एका निसर्गमंडळानं टेकडीवर श्रमदान ठेवलं. धनीबाई नुसती बघायला गेली आणि खड्डे खोदत राहिली. मंडळींनीही घाम गाळला, कडुनिंब लावले. निघताना त्यांनी विचारलं, उन्हाळा सरेपर्यंत राखण कोण करील? सगळा तांडा खाली पाहू लागला.

"मी करतो," धनीबाई म्हणाली.

रोपांना एक उन्हाळा काढायचा होता. तिनं बोरी-बाभळीच्या काट्या तोडल्या, हात रक्ताळेपर्यंत कुंपण रचलं. शेजारची बसंतीबाई बकऱ्या घेऊन जाताना थांबायची.

"काहून वं धनी, झाडं सरकारची, अन् टकुरं तुहं?"

"सावलीत तं तूच बसशीन नं!"

बसंतीबाई हसायची. बकऱ्या कुंपणाबाहेर राहायच्या. रोपं कमरेला लागली.

मग होळी आली. आमच्या तांड्यात होळी पहाटे पेटते. त्यासाठी पोरं दिसेल ते लाकूड उचलतात. होळीवर पडलेलं परत मागायचं नाही, ही रीत. मागणाऱ्याची वर्षभर टिंगल होते. धनीबाई पाणी घेऊन टेकडीवर गेली तेव्हा कुंपण नव्हतं. खाली ते जळत होतं.

ती तांड्याच्या नायकाकडे गेली. गुलाबसिंग नायक म्हणाला, "होळीचं होळीले गेलं, याडी, माय. सणाचं भांडू नोको."

ती भांडली नाही. कोयता घेऊन पुन्हा काट्या तोडायला गेली. सोबत कोणी गेलं नाही. ढोल वाजत होते. सणामुळे बकऱ्यांमागंही कोणी नव्हतं. ती मोळी घेऊन परतली तोवर बकऱ्यांनी शेंडे खाल्ले होते, साल सोलली होती. तिनं मोळी टाकली आणि दगड भिरकावला. बसंतीबाईच्या बकरीचा पाय मोडला.

दुपारी पंच बसले.

"झाडाले पानं पुन्हा फुटतीन. माह्या बकरीले पाय फुटंन का?" बसंतीबाई म्हणाली.

"साल गेली, बाई. आता काय फुटंन?"

"मंग बकरीवर राग काढतं का? कुंपण का तिनं जाळलं?"

ज्यांनी जाळलं त्यांचं नाव पंचांनी काढलंच नाही. बकरीची पूर्ण किंमत धनीबाईवर बसली. उन्हाळ्यात रोपांना तारेची जाळी घ्यायची म्हणून तिनं जिनिंगची मजुरी राखली होती. ती तिनं तिथंच बसंतीबाईच्या पुढ्यात ठेवली.

लंगडी बकरी कोण पाळणार? संध्याकाळी ती कापली. रीतीप्रमाणे घरोघर वाटे गेले, धनीबाईच्या घरीही. तिनं वाटा परत पाठवला. बाकी तांड्यानं चुली पेटवल्या, आणि तिच्या हंगामभराच्या मजुरीचं मटण शिजलं.