मे महिन्यातला कोट

मे महिन्यात रजई विकत घेणारा माणूस मी जयपुरात एकदाच पाहिला. मी आमची जुनी रजई पुन्हा भरायला टाकायला गेले होते. दुकानात पंचविशीतला एक मुलगा गच्च भरलेली बॅग घेऊन बसला होता. दुकानदार दाखवील ती रजई तो घडी करून बॅगेत कोंबायचा आणि चेन लागली नाही की हसत बाहेर काढायचा.

"अरे, फाडशील ती!" माझ्या तोंडून निघालं.

"आजी, तुम्ही मराठी?" तो खूश झाला. परवा अमेरिकेला निघणार होता, कॉम्प्युटरच्या कंत्राटी कामावर. "मतलब, एका गावचं काम संपलं की दुसऱ्या गावी पाठवणार. घर बदलत राहील, पांघरूण तरी एकच राहू दे."

"मग अधूनमधून ऊन दाखव त्याला. बॅगेत काय भरलंयस?"

आईचे लाडू, कॉम्प्युटरची पुस्तकं आणि काकांचा लोकरी कोट.

"लाडू काढ."

"आई रडेल."

"पुस्तकं काढ."

"नोकरी जाईल."

"मग कोट अंगात घाल!"

त्याने खरंच घातला. रजई आत बसली, चेन लागली. दुकानदाराने टाळी वाजवली.

"आता घरी जाईपर्यंत तरी काढ," मी म्हटलं.

"नको आजी, विमानातही असंच बसायचंय. सवय करतो."

भर उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावून तो सोडाला भागाकडे जाणाऱ्या बसमध्ये चढला. वेडा समजून लोक बाजूला सरकले. घामाने निथळत तो ऐसपैस खिडकीशी बसला आणि मला हात करू लागला. अशा माणसाला अमेरिकेतही जागा मिळाली असणार.