गालावरची अलाबला

आईला दिसेनासं झालं तेव्हापासून ती आम्हाला हातांनी ओळखते. नावं तिच्या लक्षात राहत नाहीत. आवाजाचाही तिला भरवसा नाही, कारण घरात निम्मं बोलणं हिंदीत चालतं आणि हिंदी बोलणारा प्रत्येक जण तिला शेजारचाच वाटतो. मी ऑफिसातून आले की ती दोन्ही हात पुढे करते, माझ्या गालांवरून खाली ओढते आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडून अलाबला घेते. बोटं वाजली की मी तिची मुलगी. गेल्या वर्षीपासून त्याला एक शेपूट जोडलं गेलं. बोटं मोडून झाली की ती विचारायची, "जेवलीस का?" मी नुकतीच ताटावरून उठून आले असले तरीसुद्धा. विसरते बिचारी, असं समजून मी "हो" म्हणत असे.

त्याच वर्षी मला कावीळ झाली होती. वजन उतरलं, पुढे पुन्हा चढलंही, पण बसलेली गालफडं काही वर आली नाहीत. ऑफिसात जो तो विचारायचा, "तबीयत तो ठीक है न?" या काळजीचा मला मनापासून वैताग आला. शेवटी एक दिवस मी जाहीर केलं की गालात फिलर, म्हणजे खळगे भरून काढणारं जेल, टोचून घेणार. लेक माझ्याकडे बघतच राहिली. "मम्मी, आप?" म्हटलं, हो, मीच.

संकठा घाटाकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीतली पार्लरवाली लगेच म्हणाली, "दीदी, यहीं करवा लीजिए, दस मिनट का काम है." तिच्या हातात मी भुवया बिनधास्त देते, पण सुई नाही. शहरातच सिगऱ्याला एक त्वचारोगतज्ज्ञ बाई होत्या, त्यांच्याकडे गेले.

त्यांनी बराच वेळ सुईला हातच लावला नाही. रक्त पातळ करायची गोळी घेता का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, ओठांवर तापाचे फोड येतात का, दातांचं काम चालू आहे का, याआधी चेहऱ्यात काही भरून घेतलंय का, सगळं विचारलं. हे कायमचं नाही, काही महिन्यांनी विरत जाईल, थोडी सूज येईल, काळंनिळंही होईल, हे सांगितलं. मग माझ्या हातात आरसा देऊन त्यांनी पांढऱ्या पेन्सिलीने एक रेघ ओढली, जबड्यापासून नाकाच्या कडेने थेट डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत.

"ये खून की नली है," त्या म्हणाल्या. "दवा इसके अंदर चली गई तो चमड़ी मर सकती है. आँख भी जा सकती है. बहुत कम होता है, पर होता है." गाल पांढरा पडला, फार दुखलं किंवा धूसर दिसलं तर सकाळची वाट न बघता फोन करायचा. म्हणूनच इंजेक्शनने विरघळवता येणारं जेलच त्या वापरत होत्या. विरघळवायचं औषधही त्यांनी कपाटातून काढून दाखवलं आणि जेलचं सीलबंद खोकं माझ्यासमोर फोडलं.

मी मात्र त्या रेघेकडे बघत होते. हाच चेहरा मी इतकी वर्षं धुतला, पुसला, पावडर लावून मिरवला, आणि गालातल्या रक्ताची वाट डोळ्याला जाऊन मिळते हे मला ठाऊकच नव्हतं. थेंबभर औषध चुकीच्या जागी गेलं तर माणूस आंधळा होऊ शकतो. मला भीती वाटायला हवी होती. मी थक्क झाले होते.

सगळं आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "दो हफ़्ते चेहरा कोई दबाए नहीं. घर में कोई मालिश-वालिश तो नहीं करता?"

"कोई नहीं," मी म्हणाले. अलाबला ही काय मालिश आहे?

घरी आले. आईने हात पुढे केले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मागे सरकले. तिचे हात तसेच हवेत राहिले.

"कोण आहे?"

"मीच, आई."

"मी म्हणजे कोण?"

ते दोन आठवडे फार वाईट गेले. तिचे हात मी माझ्या केसांवर ठेवले, बांगड्यांवर ठेवले, काही उपयोग झाला नाही. एकदा माझ्याच देखत ती नातीला म्हणाली, "त्या बाईंना चहा दे गं, केव्हाच्या बसल्यात." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सूज उतरली, निळा डाग गेला, ऑफिसातली विचारपूस थांबली, आणि मला कशाचाच आनंद होईना. तिच्या बोटांना ठाऊक असलेला गाल मी स्वतःच बुजवून आले होते. आता ती मला शोधणार तरी कुठे?

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी गाल स्वतः दाबून पाहिले आणि आता हरकत नाही म्हणाल्या. घरी येऊन मी चपला काढल्या आणि थेट आईसमोर जाऊन बसले. तिचे हात उचलून माझ्या चेहऱ्यावर ठेवले. बोटं डोळ्यांखालून उतरली आणि त्या जागी थांबली. पुन्हा वर गेली, पुन्हा सावकाश उतरली.

मग तिने हात आपल्या कानशिलांशी नेले आणि बोटं मोडली. सगळी वाजली.

"आलीस?" ती म्हणाली.

आता नेहमीचा प्रश्न येणार म्हणून मी "हो" तयार ठेवला होता. तिने तो विचारलाच नाही. नातीच्या दिशेने मान वळवून ती म्हणाली, "जेवायला लागली हं माझी पोर."